भीती, पण बेताची

१९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा हिंदी चित्रपट आला आणि पडला. निर्माते होते एफ. यू. रामसे. फाळणीआधी कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्यांनी तोच धंदा पुन्हा मांडला आणि पुढे सिनेमात पैसे घालून हात पोळून घेतले. या चित्रपटात पृथ्वीराज कपूर होते, तरी लोक आले नाहीत. पण जे थोडे आले, ते एका प्रसंगाला खुर्चीत सरळ होऊन बसत. त्यात पृथ्वीराज अक्राळविक्राळ मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करायला शिरतात. रामसेंची दोन मुलं, तुलसी आणि श्याम, थिएटरात बसून पडद्याऐवजी प्रेक्षकांचे चेहरे न्याहाळत होती. त्यांनी वडलांना येऊन सांगितलं की लोकांना बाकीचा चित्रपट नको आहे, हा तुकडा हवा आहे.

दोन वर्षांनी 'दो गज ज़मीन के नीचे' आला. सगळं बिऱ्हाड बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं होतं. सात भावांनी लेखन, कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन अशी कामं आपसांत वाटून घेतली होती आणि स्वयंपाक घरच्याच बायका करत होत्या. चित्रपट चालला, आणि पुढची वीस वर्षं रामसे हे आडनाव हिंदीत एका अख्ख्या चित्रपटप्रकाराचं नाव होऊन बसलं. 'दरवाज़ा', 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाज़ा'. समीक्षकांनी त्यांना कधी दारात उभं केलं नाही. १९८४ चा 'पुराना मंदिर' मात्र त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या चित्रपटांत गणला गेला. त्यातला सामरी हा राक्षस साकारणारा उंचापुरा अभिनेता रुरकीला शिकलेला स्थापत्य अभियंता होता, हे कळल्यावर आजही लोक हसतात आणि मग पुन्हा एकदा त्याचा फोटो बघतात.

भयपटांवरच्या या पुस्तकाची सुरुवात मी रामसेंपासून करतो आहे, ती त्यांच्या चित्रपटांच्या थोरवीमुळे नव्हे. त्यांचे बहुतेक चित्रपट आज सलग बघवत नाहीत. पण भुताकडे पाठ करून प्रेक्षकाकडे बघायचं, हे त्या दोन पोरांना जे सुचलं ते या विषयावर लिहिणाऱ्या भल्याभल्यांना सुचत नाही. रात्री कुत्रं जास्त भुंकलं तरी उठून कडी तपासणारा माणूस तिकीट काढून, हातात पॉपकॉर्न घेऊन, दोन तास भीती विकत घेतो. का? उत्तर शोधताना आपण बहुधा पडद्यावरच्या भुताची चौकशी करत बसतो. चौकशी करायला हवी ती पॉपकॉर्नवाल्याची.

या प्रश्नाला तयार उत्तरं बरीच आहेत. नोएल कॅरल या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९९० मध्ये 'द फिलॉसॉफी ऑफ हॉरर' या पुस्तकात कोडं नीट मांडलं आणि सोडवलंही. त्याच्या मते भीती आपल्याला नकोच असते. आपल्याला ओढ असते त्या राक्षसाबद्दलच्या कुतूहलाची. मेलेलं आहे पण चालतं, माणूस आहे पण लांडगाही आहे, असं काहीतरी आपल्या नेहमीच्या खणांत बसत नाही. ते काय आहे, कुठून आलं, कशानं मरेल हे उलगडत जाण्यात मन रमतं, आणि भीती व किळस ही त्या उलगड्याची मोजावी लागणारी किंमत. उत्तर हुशार आहे. पण 'तुंबाड' हा भयपट २०१८ मध्ये पहिल्यांदा लागला तेव्हा थोडक्यांनी पाहिला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. दरम्यानच्या काळात तो घरोघरी पाहून झाला होता. हस्तर कोण, विहिरीखाली काय आहे, पिठाची बाहुली कशासाठी, हे माहीत असलेलेच लोक मित्रांना घेऊन पुन्हा आले. उलगड्याची भूक असती तर त्यांनी पुन्हा तिकीट काढलं नसतं.

दुसरं उत्तर विरेचनाचं. ॲरिस्टॉटल शोकांतिकेबद्दल बोलत होता, पण त्याला ओढून भयपटापर्यंत आणलं जातं. साठलेली भीती चित्रपटगृहात वाहून जाते आणि माणूस हलका होऊन बाहेर पडतो, असं ते म्हणणं. हलका होऊन बाहेर पडलेला माणूस रात्री बाथरूमला जाताना पॅसेजमधला दिवा का लावतो, हे मात्र कोणी सांगत नाही. जोआन कँटर या अमेरिकी संशोधिकेनं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लहानपणी बघितलेल्या भीतिदायक चित्रपटांबद्दल विचारलं, तेव्हा कितीतरी जणांमध्ये ती भीती वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होती. 'जॉज' पाहिलेले पाण्यात उतरायला कचरत होते.

तिसरं उत्तर सगळ्यात खपाऊ, ॲड्रेनलिनचं. छाती धडधडते, रक्त उसळतं, म्हणून मजा येते. छाती तर खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आल्यावरही धडधडते, आणि एक्सप्रेसवेवर ट्रकनं अचानक लेन बदलल्यावरही. त्यासाठी अजून कोणी तिकीट काढलेलं नाही.

यापेक्षा मला डार्विनचा साप उपयोगी वाटतो. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावरच्या पुस्तकात डार्विननं स्वतःवर केलेला एक छोटा प्रयोग नोंदवला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेजवळ त्यानं तोंड नेलं. सापानं झडप घातली तरी मागे हटायचं नाही, असा पक्का निर्धार होता. सापानं झेप घेतली, आणि हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ निमिषार्धात एक-दोन यार्ड मागे उडाला. काच जाड आहे, साप अलीकडे येऊ शकत नाही, हे त्याच्या बुद्धीला ठाऊक होतं. पायांना कोणी कळवलं नव्हतं.

चित्रपटाचा पडदा म्हणजे ती काच. अलीकडे काही येत नाही हे आपल्याला माहीत असतं आणि तरी पाय उडतात. दिग्दर्शकाचं निम्मं कसब या पायांशी परस्पर बोलण्यात असतं, बुद्धीला मध्ये न घेता. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री बागेच्या भिंतीलगत एकटी चालते आहे. मागून पावलं वाजतात, मग थांबतात. ती वळून बघते, कोणी नाही. आपला श्वास अडकलेला, आणि पडद्याच्या कडेतून श्वापदाच्या गुरगुरण्यासारखा आवाज करत काहीतरी अंगावर येतं. ती असते साधी सिटी बस, ब्रेक दाबून थांबलेली. घडलं काहीच नाही, पण थिएटर उडालं. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावानं ही युक्ती पुढे 'ल्यूटन बस' म्हणून ओळखली गेली, आणि तेव्हापासून खिडक्या, पडदे आणि विशेषतः मांजरं यांना जगभरच्या भयपटांत कायमचं काम मिळालं. आवाजाचंही तेच. 'सायको'मधला न्हाणीघरातला खून हिचकॉकला संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हरमनने तरीही व्हायोलिनच्या किंचाळ्या लिहून ऐकवल्या आणि हिचकॉकनं आपला हट्ट सोडला. हा प्रसंग आवाज बंद करून बघा. सुरी दिसते, रक्त दिसतं, तुमचे पाय मात्र जागच्या जागी राहतात.

शरीर किती भोळं आहे याचा एक गमतीशीर पुरावा लायडनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात दिला. त्यांनी २४ निरोगी तरुण माणसांना एकदा 'इन्सिडियस' हा भयपट आणि एकदा एक निरुपद्रवी माहितीपट दाखवून दोन्ही वेळा रक्त तपासलं. भयपटानंतर रक्त साकळायला मदत करणारा एक घटक वाढलेला होता, जणू जखम होणार म्हणून शरीरानं आधीच तयारी केली होती. गुठळी मात्र एकाच्याही रक्तात झाली नाही.

शरीर फसतं एवढं कळलं, पण फसण्यात आनंद का? इथे आपल्याकडची एक जुनी चर्चा कामाला येते. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक आहे. त्याचा रंग काळा, देवता काल. तो कशानं उपजतो याची यादी भरतानं दिली आहे: विकृत आवाज, भुताखेतांचं दर्शन, कोल्ह्या-घुबडांची भीती, ओसाड घर, अरण्य. ही यादी रामसेंच्या कलादिग्दर्शकाच्या हातात द्या, संध्याकाळपर्यंत सेट उभा राहील. (मुरुडचा नवाबी राजवाडा त्यांना याच कामी आला.) पण खरी मौज हजार वर्षांपूर्वीच्या काश्मीरमध्ये, अभिनवगुप्ताच्या टीकेत आहे. रसाची अनुभूती समजावून सांगायला तो उदाहरण घेतो तेच भयानकाचं: 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणापुढे जिवाच्या आकांतानं पळणारं हरीण. प्रेक्षक ते बघतो तेव्हा 'मी भ्यालो' असं त्याला वाटत नाही, आणि 'ते अमुक हरीण भ्यालं, माझं काय जातं' असंही वाटत नाही. ती भीती जागेतून, काळातून, कोणाच्या तरी मालकीतून सुटलेली असते. स्वतःच्या भीतीत माणूस अडकतो, कारण तिच्या पाठोपाठ पळायचं की लढायचं हा विचार येतो. मालक नसलेल्या भीतीची चव घेता येते. साधारणीकरण या नावानं मराठीतल्या समीक्षकांनीही यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे, मात्र बहुतेक करुणरसाच्या बाजूनं. शोकातून आनंद कसा, हे विचारायला भारदस्त वाटतं. भुताला तो मान मिळाला नाही.

अभिनवगुप्ताचं म्हणणं मला निम्मं पटतं. मनापुरतं ते खरं आहे. पण प्रेक्षकाचं शरीर काही साधारण होत नाही. ते ज्याचं त्याचंच राहतं, खुर्चीत उडतं, शेजाऱ्याचा दंड धरतं. म्हणजे एकाच वेळी मालक नसलेली भीती मनात आणि अगदी आपली, खासगी धडधड छातीत. या दोन्हींचं काय करायचं, याची जबाबदारी खुर्चीतल्या माणसावर येऊन पडते. आणि माझ्या मते मजा या जबाबदारीत आहे.

डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात मथियास क्लासेन आणि त्यांचे सहकारी अशाच करमणुकीच्या भीतीचा अभ्यास करतात. त्यांनी एका भूतघरात शिरणाऱ्या ११० जणांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली, आत कॅमेरे बसवले आणि बाहेर आल्यावर त्यांना प्रश्न विचारले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांचा आलेख टेकडीसारखा आहे. फार कमी भ्यालेल्यांना मजा आली नाही, फार जास्त भ्यालेल्यांनाही नाही. मधल्यांना आली. आजीनं सांगितलं असतं असा हा निष्कर्ष. पण त्याच मंडळींचा त्याआधीचा एक अभ्यास अधिक बोलका आहे. भूतघरात जाणाऱ्यांत त्यांना दोन तऱ्हेचे लोक दिसले. काही जण भीती वाढवायला बघत होते: लक्ष देऊन बघायचं, खरं मानायचं, ओरडायचं. काही जण ती आवरायला बघत होते: नजर वळवायची, 'हा रंग आहे, हा पगारी माणूस आहे' असं स्वतःला सांगत राहायचं. दोन्ही तऱ्हांचे लोक सारख्याच समाधानानं बाहेर पडले. म्हणजे किती भ्यालात याला जेवढं महत्त्व आहे त्याहून जास्त महत्त्व मात्रा तुमच्या हातात होती की नाही याला आहे.

भयपट बघताना माणूस डोळ्यांवर हात ठेवतो पण बोटांत फट ठेवतो. मला ती फट हे या सगळ्या विषयाचं सार वाटतं. पूर्ण बघायचं नसेल तर डोळे मिटता येतात, निघून जाता येतं. पण तो बोटं किंचित उघडतो, किंचित मिटतो, प्रसंगाप्रमाणे माप बदलतो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं अशा सुखांना निरुपद्रवी आत्मपीडा म्हटलं आहे आणि त्याचं आवडतं उदाहरण मिरचीचं आहे. कोल्हापुरात मिसळीसमोर बसून डोळ्यांतून पाणी येत असताना 'अजून कट द्या' म्हणणाऱ्याला हे सिद्धांताशिवाय कळलेलं असतं. तोंड आग लागल्याची बोंब मारतं, मनाला ठाऊक असतं की आग नाही, आणि वाटीत कट किती ओतायचा ते तो स्वतः ठरवतो.

सिनेमा येण्यापूर्वी हे माप शिकवण्याची सोय आपल्या गावांत होती. रत्नागिरीकडे शिमग्यात संकासूर निघतो. काळा वेश, डोक्यावर उंच टोपी, पांढरी दाढी. पोरं त्याला चिडवतात, तो धावतो, पोरं किंचाळत पांगतात आणि पुन्हा जमतात. आत गावातलाच कोणीतरी ओळखीचा आहे हे मोठ्या पोरांना माहीत असतं, लहानांना अर्धवट माहीत असतं. त्याच्या किती जवळ जायचं ते प्रत्येक पोर आपापल्या हिमतीनं ठरवतं. एखादं आईच्या पदराआडूनच बघतं. पुढच्या वर्षी ते दोन पावलं पुढे आलेलं असतं. या खेळाला कोणी प्रशिक्षण म्हणत नाही, पण कोरोना महामारीच्या सुरुवातीला केलेल्या एका पाहणीत भयपटांचे शौकीन इतरांपेक्षा मनानं जरा कमी खचलेले आढळले, तेव्हा मला ही पोरं आठवली. अर्थात मुळात खमके लोकच भयपटांकडे वळत असतील ही शक्यताही तेवढीच आहे, आणि असल्या पाहण्यांवर इमारत उभी करू नये.

संकासुरापुढे पोर एकटं नसतं. एकपडदा थिएटरात भुताचा सिनेमा बघितलेल्यांना माहीत आहे की किंचाळीनंतर तिच्या दुप्पट मोठा हशा येतो. पुढच्या रांगेतून कोणीतरी नायिकेला 'अगं, मागे बघ' म्हणून सांगतो, कोणी भुताच्या पोशाखावर शेरा मारतो. भद्र प्रेक्षकांना याचा राग येतो. मला तो मात्रा सांभाळण्याचा सामुदायिक उपाय वाटतो. भीती वर चढली की सभागृह मिळून तिला खाली ओढतं, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा वर चढायला जागा होते. राम गोपाल वर्मांनी २००८ मध्ये 'फूँक'च्या वेळी थिएटरात एकट्यानं बसून पूर्ण चित्रपट पाहणाऱ्याला पाच लाख रुपये देऊ केले होते. जाहिरातीची क्लृप्ती, पण पैजेत चित्रपट तोच ठेवून फक्त शेजारी काढून घेतले होते, आणि पैज कठीण का आहे हे सगळ्या देशाला न सांगता कळलं होतं.

जोडीदाराचंही एक शास्त्र आहे. डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलामुलींना 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा तिसरा भाग जोडीजोडीनं दाखवला. शेजारची मुलगी घाबरली तर मुलांना चित्रपट जास्त आवडला, शेजारचा मुलगा घाबरला तर मुलींना कमी. आपल्याकडच्या मॅटिनीला कोपऱ्यातल्या जागा धरणाऱ्यांना हा शोध नवा वाटणार नाही. त्यातला पुरुषी ताठा मात्र जुना आहे. भरतसुद्धा भय हे बायकांचं आणि हलक्या पात्रांचं म्हणतो आणि थोरामोठ्यांना फक्त गुरूपुढे किंवा राजापुढे दाखवायचं लटकं भय तेवढं ठेवतो.

१९९३ मध्ये टीव्हीवर 'झी हॉरर शो' आला आणि रामसेंचं भूत दिवाणखान्यात शिरलं. त्या पिढीचं माप म्हणजे पांघरूण. मी ते नाकापर्यंत ओढून बघत असे आणि शीर्षकसंगीत सुरू झालं की पूर्ण डोक्यावरून. आज तीच माणसं मोबाइलवर, कानांत इअरफोन घालून, एकटी भयपट बघतात आणि फारसं काही वाटलं नाही म्हणून तक्रार करतात. दोष मला चित्रपटाचा वाटत नाही, थांबवण्याच्या बटणाचा वाटतो. थिएटरात चित्रपट तुमच्यासाठी थांबत नाही, सावरायचं असतं ते स्वतःला. बटण हातात आलं की माणूस स्वतःला सावरायचं सोडून चित्रपटालाच थांबवतो, चहा करून येतो. बोटांची फट गेली आणि तिच्या जागी दार आलं.

मराठी चित्रपटानं मात्र मात्रेचा प्रश्न वेगळ्याच पद्धतीनं सोडवला. 'झी हॉरर शो' आला त्याच वर्षी महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. कल्पना अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेली, पण रामदास पाध्यांचा बोलका बाहुला, तात्या विंचू झालेले दिलीप प्रभावळकर आणि समोर घाबरायला लक्ष्मीकांत बेर्डे, एवढ्यानं ते भूत संपूर्ण इथलं झालं. बेर्डेंचं घाबरणं हाच त्या चित्रपटाचा लगाम होता. तो आपल्या वाटचंही भिऊन टाकतो आणि आपण हसायला मोकळे. तरीही त्या काळची कितीतरी मुलं घरातल्या बाहुलीचं तोंड भिंतीकडे करून झोपत. 'पछाडलेला'नं २००४ मध्ये तोच मार्ग धरला, आणि आदित्य सरपोतदारांच्या हिंदी 'मुंज्या'नं २०२४ मध्ये सोडमुंजीआधी मेलेल्या, पिंपळावरच्या कोकणी मुंजाला भारतभर नेलं, तेही हसवत. 'हा खेळ सावल्यांचा' १९७६ मध्ये आला होता. त्यातल्या गाण्यानं चाळीस वर्षांनी एका मालिकेला नाव दिलं, आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या घरात घडणाऱ्या त्या मालिकेनं रात्री साडेदहाला घरोघरचे दिवे चालू ठेवले. गंभीरपणे भिववणाऱ्या मराठी चित्रपटांची यादी मात्र फार लांबत नाही.

एक आक्षेप महाराष्ट्रात हमखास घेतला जातो, आणि घेतलाही पाहिजे: हे चित्रपट अंधश्रद्धा वाढवतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, अशा राज्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. माझं निरीक्षण असं आहे की भुतावर खरोखर विश्वास असलेल्याला भुताचा सिनेमा आवडत नाही. ज्याच्या घरात करणी झाली म्हणून सुनेला छळलं जातं आहे, त्याला पडद्यावरची करणी करमणूक वाटायला मध्ये काच हवी, आणि त्याच्या घरात काच नाही. उलट कशावरच तिळमात्र विश्वास नसलेल्यालाही मजा येत नाही, तो भुताच्या चपला शोधत बसतो. भयपटाला अर्धवट विश्वासाचा प्रेक्षक लागतो, संकासुरापुढच्या मधल्या वयाच्या पोरासारखा. त्यामुळे भूत दाखवणाऱ्या चित्रपटावर माझा राग नाही. राग आहे तो शेवटी मांत्रिकाला आणून सगळं निस्तरवणाऱ्या चित्रपटावर. तिथे घाबरवणं संपून जाहिरात सुरू होते.

चांगला भयपट काच पातळ करतो. विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७) घ्या. गरोदर बाई, एकाकी घर, चहूकडे उसाचा फड. ज्यानं मराठवाड्यात किंवा पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात एकदा तरी पाऊल टाकलं आहे त्याला भुताची गरज नाही, चार हातांवरचं माणूस तिथे दिसत नाही. आणि चित्रपट पुढे सरकतो तसं कळतं की तिला दिसणाऱ्या मुलांच्या सावल्या भिववायला आलेल्या नाहीत. भ्यायचं आहे ते मुलगी नको म्हणून जीव घेणाऱ्या, पानात वाढणाऱ्या, 'बाळा' म्हणणाऱ्या जिवंत माणसांना. स्त्रीभ्रूणहत्येवर भाषण केलं असतं तर निम्मे लोक चहाला उठले असते. त्याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये 'छोरी' नावानं तो हिंदीत पुन्हा केला.

'तुंबाड'ची मुळं नारायण धारपांच्या 'आजी' कथेत आहेत, आणि 'आजी'ची स्टीफन किंगच्या कथेत. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वेंनी त्याला पाऊस, वाडा आणि हाव यांची जोड दिली. एक कथा अमेरिकेतून पुण्यामार्गे कोकणात येते आणि आल्यावर परकी वाटत नाही, यावरून भीती प्रवासाला किती सोपी आहे ते कळतं. हाव मात्र स्थानिक लागते: नायक विनायकरावाची सोन्याची मुद्रा खणखणते तेव्हा आपल्याला आपल्याच भावकीतले वाटे-हिस्से आठवतात.

धारपांबद्दल एक सांगायला हवं. त्यांच्या कथांतल्या अशुभाला नियम असतात. ते कुठे शिरू शकतं, कुठे नाही, हे ठरलेलं असतं, आणि त्या अशुभाशी लढणारे 'समर्थ' आले की वाचक पाठ टेकवतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत असा कोणी येत नाही, ती शेवटच्या ओळीत पायाखालची फळी काढते आणि तुम्हाला तिथेच सोडते. मी स्वतः मतकरींच्या बाजूचा. पण आजारपणात, एकटा असताना, हात धारपांकडेच गेला आहे.

'मला नाही बघवत' म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. ज्याची शारीरिक धडधड आवरत नाही, ज्याला आलेलं चित्र आठवडाभर सोडत नाही, त्याच्यात कसलीही उणीव नाही. त्याला ही काच जरा पातळ मिळाली आहे, एवढंच. अशा माणसाला गंमत म्हणून जबरदस्तीनं थिएटरात नेणाऱ्या मित्रांना माझ्याकडून माफी नाही, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन रात्रीच्या खेळाला येणाऱ्या पालकांना तर मुळीच नाही. त्या मुलाच्या हातात कोणतंच माप नसतं.

पुढच्या प्रकरणांत रक्तामांसाचा चिखल करणारे चित्रपट जवळजवळ नाहीत. मला ते भीतीपेक्षा किळसेचे वाटतात, आणि बीभत्स हा वेगळा रस आहे असं भरतानं सांगून ठेवलं आहेच. जपानी चित्रपटांवर एकच प्रकरण आहे, तेही 'रिंगू'पुरतं. रामसेंवर तीन आहेत, त्यात मुरुड आणि महाबळेश्वरच्या जागांवरचं एक. प्रत्येक प्रकरणात चित्रपटांचे शेवट उघड केलेले आहेत. ते झाकून नीट चर्चा करता येत नाही. तेव्हा 'लपाछपी' आणि 'तुंबाड' न पाहिलेल्यांनी आधी ते पाहून घ्यावेत, आवाज पुरेसा मोठा ठेवून, आणि जमलं तर शेजारी कोणीतरी बसवून.